उत्तरेकडची फांदी

मु. पिपरटोला, पो. गोरेगाव, जि. भंडारा
ता. ६ मे १९५८

चि. ईश्वरदास यास,

कारण असल्याशिवाय मी पत्र लिहीत नाही, हे तुला माहीत आहे. या वेळी कारण घरावरच येऊन पडलं आहे.

गेल्या शनिवारी, तीन तारखेला, दुपारी चारच्या सुमारास वादळ आलं. अर्धा तास नुसता वारा आणि त्यामागून बोराएवढ्या गारा. केशोराव पाटलाच्या गोठ्याची टिनं उडून तळ्यात पडली. आपल्या घराजवळच्या वाडीतला मोह जिथं दोन फांद्यांत वेगळा होतो तिथंच फाटला आणि उत्तरेकडची फांदी माझ्या मधल्या खोलीवर येऊन टेकली. पुरती तुटलेली नाही. अर्धा भार खोडावर, अर्धा छपराच्या मयालीवर. छपराचे शंभर-दीडशे कवेलू फुटले. माणसाला इजा नाही.

उत्तरेकडची फांदी तुझी आहे. १९५१ चं वाटणीपत्र आज पेटीतून काढून पुन्हा वाचलं. केशोरावच्या हातचा मजकूर असा: 'मोहाचे झाड सामाईक. दक्षिणेची फांदी वडील बंधू मनिराम याची, उत्तरेची धाकटे बंधू ईश्वरदास याची. एकाने दुसऱ्याच्या फांदीस कुऱ्हाड लावू नये.' मी कागदाचा माणूस आहे. घर मोडलं तरी तुझ्या लेखी परवानगीशिवाय तुझ्या फांदीला हात लावणार नाही. सोबत कोरं कार्ड ठेवलं आहे. 'तोडावी' एवढा एक शब्द लिहून सही केलीस तरी पुरे.

घाई एवढ्यासाठी की आपल्या पोरीचं, शामकलाचं, लग्न ठरलं आहे. मुलगा तिरोड्याकडचा, घर चांगलं. ३० मे, शुक्रवार. मांडव वाडीतच घालायचा आणि डोक्यावर ती फांदी लोंबते आहे. तिच्याखाली वऱ्हाडी कसे बसवू?

तुझा पत्ता दुधरामकडून घेतला. तुझी शेती बटईने करतो म्हणून त्याच्याकडे तरी तुझा पत्ता असतो. तू भिलाईच्या कारखान्यात जड लोखंड दोराने उचलायच्या कामावर आहेस असं तो सांगत होता. बरं आहे.

१९५२ च्या चैत्रात आपला जो वाद झाला तो फुलांवरून झाला आणि तिथंच संपला, असं मी धरतो. माझ्याकडून एवढंच सांगतो की या सहा वर्षांत तुझ्या बाजूचं एक फूलही मी घरात घेतलं नाही. जनावरांनी खाल्लं ते खाल्लं. फांदी मोडली ती वाऱ्यानं. वारा काही माझ्या हातात नाही.

मुलाबाळांना आशीर्वाद असं लिहिणार होतो, पण किती आणि काय ते ठाऊक नाही.

मनिराम


ता. १३ मे १९५८

चि. ईश्वरदास यास,

सात दिवस झाले. भिलाईचं टपाल तीन दिवसांत येतं, हे मी गोरेगावच्या पोस्टमास्तरांना विचारून घेतलं आहे.

या गावातली सगळी पत्रं मीच लिहून देतो, हे तुला माहीत आहे. सावित्रीबाईचा जावई दोन वर्षं रुसून बसला होता. तिनं मला चहा पाजला, मी पत्र लिहिलं, आठव्या दिवशी जावई बायकोला घ्यायला हजर. सख्ख्या भावाला मात्र माझं पत्र लागू पडत नाही. गाव हसतं आहे.

काल कवडू सुतार झाड पाहून गेला. फांदीच्या खाली सागाच्या दोन थुन्या टेकू म्हणून लावल्या त्याही त्यानंच. वर चढून सगळीकडून ठोकून पाहिलं आणि खाली उतरून बिडी मागितली. म्हणाला, "भाऊ, हे फांदी अशीच तोडाल तं घर घेऊन बसंल. पयले दोरानं वर बांधा लागंल, मंग तुकडे करून उतरवा लागंल."

"आणि उरलेलं झाड?"

"तेच तं पाहून राहिलो."

त्याचं म्हणणं असं की दोनच रस्ते आहेत. एक, झाड बुडापासून काढून टाकायचं, म्हणजे पावसाळ्यात झोप तरी लागेल. दुसरा, फांदी उतरवून फाटलेलं खोड आवळायचं. बंडीच्या चाकाला जी लोखंडी धाव असते ना, तशी धाव कापून, खाली पोत्याची गादी देऊन, बोल्ट लावून आवळायची. जगलं तर जगलं. फटीत हात घालून त्यानं पाहिलं तेव्हा आतून काळं निघालं. किडीचं असावं. झाडाचं वयही झालं.

दुधराम म्हणतो, "कायले जीव धोक्यात घालता? पुरा मोहच काढा. मोह का गावात दुसरा नाही का?" त्याला लाकडात रस आहे, तेव्हा त्याचं मत मी अर्धंच धरतो.

तुझी वहिनी रुख्मा वेगळंच धरून बसली आहे. मी कागद दाखवला तर म्हणते, "कागद ठेवा पेटीत. देवकाले विचारल्याबिगर त्या फांदीले हात नोका लावू."

म्हटलं, फांदी ईश्वरदासची. त्याच्या बायकोला काय विचारायचं?

"फुलं कोण येचत होतं? ईश्वरदास का?"

एवढं बोलून ती आत गेली. तेव्हापासून माझ्याशी ती फक्त वाढण्यापुरतं बोलते. तू एक शब्द लिही म्हणजे माझं घर तरी शांत होईल.

मनिराम


ता. १७ मे १९५८

ईश्वरदास,

तुझं कार्ड आज मिळालं. मीच पाठवलेलं कोरं कार्ड, त्यावर तू दोन ओळी लिहिल्यास: 'फांदी माझी नाही. जिची टोपली होती तिला विचारा.' ना नमस्कार, ना तारीख.

शहरात सहा वर्षं राहून रीतही विसरलास का? मी तिचा भासरा. धाकट्या भावाच्या बायकोशी भासरा बोलत नाही, तिचं नाव घेत नाही, तिची सावली अंगावर पडू देत नाही. अगदीच नडलं तर भिंतीला सांगायचं, खांबाला सांगायचं, आणि तिनं पदराआडून ऐकायचं. आपल्या आजीपासून हेच चालत आलं आहे. आता पिपरटोल्यात बोललेलं भिलाईत ऐकू जाईल एवढी मोठी भिंत मी कुठून आणू?

आणि टोपली! सहा वर्षं झाली त्या टोपलीला. एक टोपली फुलं, त्यात तू घर सोडलंस, गाव सोडलंस, बाप गेल्यावर ज्याच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिलीस त्या भावाला सोडलंस. मला काही बोलायचं नाही. मयाल मोडली तर मोडू दे. तुझी फांदी आहे, तुझ्या नावानं मोडेल.

रागात लिहितो आहे हे मला कळतं. तरीही टाकतो, कारण टपालवाला दारात उभा आहे आणि उद्यापर्यंत माझा राग राहील याचा मला भरवसा नाही.

मनिराम


ता. १९ मे १९५८

चि. ईश्वरदास,

परवाचं पत्र मिळालं असेल तर चुलीत टाक.

काल संध्याकाळी पुन्हा वारा सुटला. पहिल्याएवढा नव्हता, पण फांदी आपल्या जागेवरून हातभर घसरली. एक थुनी निसटली आणि मयाल कडाडली. शामकला त्याच खोलीत बसून लग्नाची लुगडी घड्या करून ठेवत होती. मी धावत गेलो तेव्हा ती दारात उभी होती, केसांत कवेलूची माती. मी विचारलं, लागलं का ग? ती रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "बाबूजी, तुमचा कागद आता तरी फाडा. आन् काकीले बलवा. काकी आल्याबिगर मी हळद लावून घेत नाही."

ती बारा वर्षांची होती तेव्हा तुम्ही गेलात. सगळं तिच्या डोळ्यांसमोर झालं. सहा वर्षांत तिनं मला एकदाही काही विचारलं नाही, आणि मी मूर्ख, पोरगी विसरली असं समजत होतो.

म्हणून आज सरळ लिहितो. भिंत मिळत नाही, तर तूच माझी भिंत हो. हे पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखव. मधली वाक्यं गाळू नकोस.

त्या वर्षी केशोरावच्या सांगण्यावरून आपण झाडाखाली राखेची रेघ मारली होती. रेघेच्या उत्तरेला पडेल ते तुमचं, दक्षिणेला पडेल ते आमचं. केशोराव शहाणा, मी त्याहून शहाणा, पण फुलं वरून पडतात आणि मध्ये वारा असतो हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. त्या पहाटे उत्तरेचा वारा होता. तुमच्या फांदीची निम्मी फुलं रेघ ओलांडून माझ्या अंगणात आली. ती सातव्या महिन्यात होती. वाकून वाकून तिनं आपल्याच फांदीची फुलं रेघेच्या अलीकडून वेचली. मी दात घासत बाहेर आलो आणि ते पाहिलं.

रुख्माला उठवून तिच्याकडून सांगता आलं असतं. खांबाला सांगता आलं असतं. मी सरळ तिला म्हणालो, "रेघेच्या इकडची फुलं माझी आहेत." ती थांबली. मी बोललो याचाच तिला धक्का बसला असेल. मग मी पुढं होऊन तिच्या हातातली टोपली ओढली. ती सोडेना म्हणून हात धरून सोडवली आणि माझ्या बाजूला पालथी केली. सावित्रीबाई होती, पलीकडच्या वाडीतल्या चार बायका होत्या. भासऱ्यानं भावसुनेचा हात धरला हे सगळ्यांनी पाहिलं. तिनं एक फूल उचललं नाही. पदर ओढला आणि आत गेली. आठव्या दिवशी तुम्ही बंडीत बसलात. मी शेतावर होतो असं मी सगळ्यांना सांगतो. मी गोठ्यात होतो. फटीतून पाहत होतो.

वाद फुलांवरून झाला असं मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं. ते खोटं आहे.

दुसरं खोटं याहून वाईट आहे. फांदी वाऱ्यानं मोडली असं मी लिहिलं.

फागणात आपण झाडाखालचा पाला पेटवतो, म्हणजे जमीन साफ होते आणि चैत्रात फुलं दिसतात. बाबा काय सांगायचे ते तुला आठवतं ना? आधी पाला खोडापासून चार हात दूर ओढायचा, मग काडी लावायची. तुम्ही गेल्यावर पहिल्या फागणात मी माझ्या बाजूचा पाला ओढला, तुझ्या बाजूचा खोडाशीच राहू दिला आणि काडी लावली. त्या वर्षी तो आळस होता. दुसऱ्या वर्षी आळस नव्हता. तिसऱ्या वर्षापासून तर मी तुझ्या बाजूला पाला आणखी लोटत होतो. सहा फागण. तुझ्या बाजूचं एक फूल घेतलं नाही म्हणून मी तुला मोठेपणा सांगितला, पण दरवर्षी तुझ्या बाजूला बसून जाळ पाहिला. मनात काय होतं? तुझा राग होता. निघून गेलास आणि मला गावात तोंड दाखवायला ठेवलंस, याचा. स्वतःचा राग झाडावर काढला.

कवडूनं फटीत हात घातला तो कोपरापर्यंत काळा होऊन बाहेर आला. मी म्हटलं, कीड असेल. तो हाताकडे पाहून म्हणाला, "किडीचा कोळसा होत नाही, भाऊ." हे मी मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. खोड उत्तरेच्या अंगानं आतून जळत गेलं होतं. वाऱ्यानं फक्त धक्का दिला.

तेव्हा आता तिनं ठरवावं. फांदी तोडायची, झाड काढायचं, की आहे तसं माझ्या घरावर पडू द्यायचं. जे सांगेल ते करीन. शामकलाला हळद लागावी एवढीच माझी ओढ आहे. मी परवानगी मागत नाही, तो शब्द आता माझ्या तोंडी शोभत नाही.

त्या वेळी जे पोटात होतं ते मूल कसं आहे? मुलगा आहे की मुलगी? नाव काय? सहा वर्षांत मी कुणालाही विचारू शकलो नाही. दुधरामलाही नाही.

तुझा दादा
मनिराम


ता. ३ जून १९५८

चि. ईश्वरदास,

हे पत्र टपालानं येत नाही. रुख्मा ते तुझ्या घरच्यांच्या पेटीत लुगड्यांच्या वर ठेवणार आहे. उद्या सकाळच्या मोटारीनं त्या निघतात, तेव्हा परवा तुझ्या हातात पडेल.

तू आला नाहीस. कारखान्यातून सुटी मिळत नाही असं त्यांनी रुख्माला सांगितलं आणि रुख्मानं मला. मी खरं मानलं. पण दोर पाठवलास. चोवीस तारखेला दुधरामची बंडी त्यांना घेऊन दारात आली तेव्हा पेटीमागून एक पोतं उतरलं. मी म्हटलं, भिलाईहून काय, गहू आणले की काय? उघडून पाहिलं तर मनगटाएवढा जाड दोर आणि दोन लोखंडी कप्प्या. चिठ्ठी नव्हती. पण दोराची दोन्ही टोकं उसवू नयेत म्हणून जशी बांधली होती, तशी गाठ बाबांनी आपल्या दोघांना शिकवली होती. मी ती गाठ बराच वेळ हातात धरून बसलो.

आणि सुशिला. मुलगी आहे हे मला ती बंडीतून उतरताना कळलं. उतरली ती सरळ माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तुम्ही मोठे बाबूजी का? आई तुमच्याशी बोलत नाही. मी बोलते." नाक आपल्या आईवर गेलं आहे, आपल्या म्हणजे तुझ्यामाझ्या.

दोघी जावा गळ्यात पडून रडल्या. मी बैल पाहायला गेलो.

सत्तावीस तारखेला कवडू माणसं घेऊन आला. सगळं गाव वाडीच्या कुंपणाशी गोळा झालं. फांदी पाहायला आलो म्हणत होते, पण पाहायचं काय होतं ते मला माहीत होतं. कवडू कुऱ्हाड टेकवून मला विचारतो, "बोला भाऊ. पुरा झाड काढू का फांदीच उतरवू?"

मी म्हटलं, "फांदी ज्यांची त्यांना विचार."

तुझ्या घरच्या उत्तरेच्या अंगाला उभ्या होत्या, मी दक्षिणेला, मध्ये खोड. त्यांनी आधीच फटीत हात घालून पाहिला होता. बोटं काळी होती. पदर खाली ओढून त्यांनी तोच हात खोडावर ठेवला आणि झाडाशी बोलायला सुरुवात केली.

"आयक गा मोहा. भासरेबुवाले सांग, टोपली मी इसरलो नाही. मरेपर्यंत इसरणार नाही. पोट घेऊन वाकून वाकून येचली होती फुलं. मांगितली असती तं माझ्या हातानं देली असती. हात कायले धरला? साऱ्या बायांच्या देखत कायले धरला?"

आवाज चढला नव्हता. तेच मला सोसवेना. सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं. पत्रात लिहिलं तेव्हा मला वाटलं होतं की झालं, सांगून टाकलं. कागदावर सांगणं सोपं असतं रे. गावाची पत्रं लिहून लिहून मला तेवढंच येत होतं. तोंडानं बोलायला मी कधी शिकलोच नव्हतो.

मी झाडावर हात ठेवला आणि म्हटलं, "मोहा, तिले सांग. मी चुकलो. बोललो तेव्हा चुकलो, हात धरला तेव्हा चुकलो, जाळ लावला तेव्हाही चुकलो. माझ्यापाशी याच्यापुढं काही नाही."

सावित्रीबाई डोळ्याला पदर लावून होती. मग पलीकडून आवाज आला, "सांग भासरेबुवाले, फांदी उतरवा. खोडाले कुऱ्हाड नोका लावू. मले अजून लय बोलायचं आहे त्याईले. झाडच काढलं तं मी कोणापाशी बोलू?"

आधी कवडू हसला. मग बायका तोंडाला पदर लावून हसल्या. रुख्मा तर हसता हसता खाली बसली. मीही हसलो असं शामकला सांगते, मला आठवत नाही.

तुझ्या कप्प्या माझ्या फांदीला बांधल्या आणि तुझ्या दोरानं तुझी फांदी उतरवली. बारा माणसं दोर धरून. सकाळी लागलो ते दुपार कलेपर्यंत. शेवटचा तुकडा खाली आला तेव्हा मोजून तीन कवेलू जास्त फुटले. लोहारानं धाव आवळून बोल्ट कसले. झाड दिसायला फार बरं दिसत नाही, एक हात गेलेल्या माणसासारखं उभं आहे. जगेल का म्हणून विचारलं तर कवडू म्हणतो, "दोन पावसाळे जाऊ द्या, मंग विचारा."

मांडवाची मुहूर्तमेढ मोहाचीच लागते आपल्यात. ती तुमच्या फांदीची काढली. शामकलाला पहिली हळद तिच्या काकीनं लावली. लग्न चांगलं झालं, भात कमी पडला नाही, वऱ्हाडी रुसले नाहीत. तुझी जागा रिकामी ठेवली होती. शेवटी तिथं केशोराव बसला, त्याला कोण उठवणार?

आता जे सांगायचं आहे ते परवाचं. उतरवलेल्या फांदीला मोहाची फळं, आपली टोरी, लगडली होती. वऱ्हाड गेल्यावर तुझ्या घरच्या सकाळपासून तिथं बसून फळं खुडत होत्या. सुशिला मदतीपेक्षा सांडायचंच काम करत होती. मी ओसरीवर वाटणीपत्र हातात घेऊन बसलो होतो, त्याचं काय करावं या विचारात. टोपली भरली तशा त्या उठल्या. राखेची रेघ आज तिथं नाही, पण ती कुठं होती ते आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. तिथपर्यंत आल्या, थांबल्या, आणि भरलेली टोपली माझ्या बाजूला पालथी केली. रिकामी टोपली तिथंच ठेवली आणि आत गेल्या.

हे मला दिलं की मला शिक्षा केली, ते कळेना. रुख्माकडे पाहिलं तर ती दुसरीकडे पाहू लागली. मग मी खाली उतरलो आणि फळं वेचायला लागलो. सगळ्या अंगणात पसरली होती. एक वेचलं की वाकायचं, दुसरं वेचलं की वाकायचं. अर्धी टोपली होईपर्यंत माझी कंबर मोडली. मला ना सातवा महिना, ना डोक्यावर पदर, ना समोर कोणी भासरा. पुरी टोपली भरली तेव्हा मी तिथंच बसून रडलो. सुशिला येऊन विचारते, "मोठे बाबूजी, कंबर दुखते का?" मी हो म्हटलं.

टोपली उचलून त्यांच्या दाराशी ठेवली. पुढच्या वेळेला पाहिलं तर ती आत गेलेली होती.

वाटणीपत्र फाडलं नाही. कागद फाडला की तुझा हक्कही फाटतो. तुझी फांदी गेली म्हणून तुझा वाटा गेला असं कोणी म्हणू नये, म्हणून खाली माझ्या हातानं लिहिलं आहे: 'दक्षिणेची फांदी दोघांची.' साक्षीला कवडूचा अंगठा आहे. तो कागद या पत्रासोबत ठेवतो. आता तुझ्या पेटीत राहू दे.

ईश्वरदास, तू माफ कर असं मी म्हणत नाही. ज्यांनी करायचं त्यांनी काय ते केलं, नाही केलं, ते त्यांचं त्यांना. तुझ्याकडे एकच मागणं आहे. फागणात चार दिवस ये. पाला पेटवायच्या आधी ये. माझ्या बाजूचा पाला मी ओढीन आणि तुझ्या बाजूचाही मीच ओढीन. तू काही करू नकोस. नुसता उभा राहून पाहा, खोडापासून चार हात दूर ओढतो की नाही.

तुझा दादा
मनिराम